मंदीत कृष्णवर्णीय मालकांच्या छोट्या धंद्यांना हात: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

छोट्या धंद्याला मंदीत सगळ्यात आधी चणचण भासते ती रोकडीची. गिऱ्हाईक पुरतं तुटायच्या आधीच भाडं, दोन माणसांचा पगार आणि मालाचं बिल एकाच आठवड्यात येतं आणि खात्यात तेवढे पैसे नसतात. जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने २०१६ साली सुमारे सहा लाख छोट्या धंद्यांची खाती तपासली. आवक थांबली तर खर्च भागेल अशी शिल्लक निम्म्या धंद्यांकडे २७ दिवसांची किंवा त्याहून कमी होती.

हे झालं सगळ्यांचं. कृष्णवर्णीय मालकाकडे त्याखेरीज घरचा आधारही कमी असतो. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४४,९००. म्हणजे धंदा अडला की सासऱ्यांकडून वीस हजार उसने घ्या, घरावर कर्ज काढा, ही सोय बहुतेकांना नाही. बँकेचा दरवाजाही अर्धाच उघडतो. २०२० च्या पाहणीत मागितलेलं सगळं कर्ज मिळालेले गोरे मालक ४० टक्के होते, आशियाई ३१ टक्के आणि कृष्णवर्णीय १३ टक्के. त्याच वर्षी करोनाच्या पहिल्या दोन महिन्यांत, फेब्रुवारी ते एप्रिल, धंदा चालू असलेल्या कृष्णवर्णीय मालकांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली. एकूण मालकांत ही घट २२ टक्के होती. सरकारने पगार भागवण्यासाठी काढलेली कर्जयोजना बँकांमार्फत चालली. बँकांनी आपली जुनी कर्जदार मंडळी आधी पुढे घेतली आणि ३४९ अब्ज डॉलरचा पहिला हप्ता दोन आठवड्यांच्या आत संपला. एकट्याने धंदा करणाऱ्यांना तर अर्ज भरायलाच आठवडाभर उशिरा मुभा मिळाली, आणि कृष्णवर्णीय मालकांत एकट्याने धंदा करणारेच बहुसंख्य आहेत.

म्हणून खालची प्रत्येक पायरी एका प्रश्नाने तपासून पाहावी: माझ्या या पैशातला किती भाग मालकाच्या हातात पडतो, आणि कधी पडतो? या प्रश्नावर टिकत नाही ती मदत चांगल्या मनाने केलेली असली तरी दुकानाचं भाडं भरत नाही.

आधी आपला खर्च पाहा

मागच्या तीन महिन्यांची बँकेची आणि कार्डाची स्टेटमेंट्स काढा. जिथे दुकान किंवा माणूस बदलता येतो असा खर्च वेगळा करा: केस कापणं, केक, बाहेरचं जेवण, गाडीची दुरुस्ती, घराची साफसफाई, टॅक्स भरून देणारा, फोटोग्राफर, सामान हलवणारे, मुलांची शिकवणी, भेटवस्तू, पुस्तकं. भाडं, विमा, डाळ-तांदूळ तूर्त बाजूला ठेवा.

यातून दोनच गोष्टी निवडा. एक दर महिन्याला लागणारी आणि एक वर्षातून एकदाची मोठी. महिन्याला ४० डॉलरची केस कापणी म्हणजे वर्षाला ४८० डॉलर. आकडा लहान वाटतो, पण अशी वीस ठरलेली घरं असली तर न्हाव्याच्या दुकानाला येत्या महिन्यात किती येणार हे आधीच कळतं, आणि त्या भरवशावर तो माल भरतो, माणूस ठेवतो. दहा दुकानं एकेकदा बघून येण्यापेक्षा एका दुकानात दहादा जाणं जास्त कामाचं.

एकदम लाट आली की काय होतं हे जून २०२० मध्ये दिसलं. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यावर कृष्णवर्णीय मालकांच्या पुस्तकांच्या दुकानांवर ऑर्डरींचा पाऊस पडला. चार माणसांचं दुकान हजारो पाकिटं भरू शकत नाही, आणि जी पुस्तकं सगळ्यांना हवी होती ती प्रकाशकांकडेच संपलेली. उशीर झाला तशी गिऱ्हाइकं चिडली, पैसे परत मागू लागली, काहींनी कार्ड कंपनीकडे तक्रार केली. अशी तक्रार झाली की रक्कम तर अडकतेच, वर दुकानाला दरवेळी दंडही बसतो, बहुधा १५ ते २५ डॉलर. सप्टेंबरपर्यंत लाट ओसरली, पण वाढवलेला खर्च मागे राहिला.

दुकान शोधणं आणि खात्री करणं

घरापासून वीस मिनिटांच्या गाडीच्या अंतरात शोधा. त्यापलीकडचं दुकान तिसऱ्या महिन्यात सुटतं. गूगल मॅप्स आणि येल्पवर २०२० पासून मालकाला आपल्या दुकानावर ‘ब्लॅक-ओन्ड’ अशी खूण लावता येऊ लागली. यूएस ब्लॅक चेंबर्स या संस्थेची ‘बायब्लॅक’ नावाची यादी आहे. बहुतेक मोठ्या शहरांत आणि काही राज्यांत कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांचं स्वतःचं चेंबर असतं. न्यू जर्सीतल्या वाचकांसाठी आफ्रिकन अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्स ऑफ न्यू जर्सी आहे. १९ जूनला, गुलामी संपल्याच्या जूनटीन्थ या सणाच्या सुमारास भरणाऱ्या बाजारात एका दुपारी तीस-चाळीस विक्रेते भेटतात. तिथे कार्डं घेऊन ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये फोन करा. जूनमध्ये गर्दी असतेच.

इथे मराठी माणसाची एक चूक हमखास होते. ‘मायनॉरिटी-ओन्ड’ म्हणजे कृष्णवर्णीय मालक, असं धरून चालू नका. या शिक्क्याखाली आपणही येतो. भारतीय वंशाच्या मालकांना १९८२ पासून केंद्र सरकारच्या लघुउद्योग खात्याने वंचित गटांत धरलं आणि मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादार याद्यांतही आपण ‘मायनॉरिटी’च आहोत. त्यामुळे त्या शिक्क्याचं दुकान एखाद्या पटेलांचं किंवा रेड्डींचंही असू शकतं. तसंच त्रिनिदादी किंवा गयानीज जेवणाचं दुकान बऱ्याचदा तिथल्या भारतीय वंशाच्या कुटुंबाचं असतं. कृष्णवर्णीय वस्तीतलं केसांच्या सामानाचं मोठं दुकानही अनेकदा बाहेरच्यांचं असतं. त्यांच्याकडून घेऊ नका असं म्हणणं नाही. तुम्ही ठरवलेला पैसा ठरवल्या जागी पोचतोय का, एवढंच पाहायचं. सर्वसाधारण कसोटी ५१ टक्के मालकी आणि रोजचा कारभार हातात असणं ही आहे. काउंटरवर उभ्या माणसाला तोंडावर ‘मालक कोण?’ असं विचारू नका. वेबसाइटवरची मालकाची ओळख वाचा, चेंबरला ईमेल करा. खूण नसली म्हणून मालक कृष्णवर्णीय नाही असंही नाही. गिऱ्हाईक बिचकेल म्हणून अनेकजण ती लावतच नाहीत.

‘तो एरिया बरा नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर तोंडात येतं. पहिल्यांदा शनिवारी दुपारी जेवायच्या वेळेला जा, तेव्हा रस्ता भरलेला असतो. मुलांना बरोबर न्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर ते वाक्य पुन्हा घरात निघत नाही.

पैसे देण्याची रीत

डिलिव्हरी ॲप दुकानाकडून साधारण १५ ते ३० टक्के कापतं. ५० डॉलरच्या जेवणात ३० टक्के म्हणजे १५ डॉलर गेले, आणि छोट्या हॉटेलाचा त्या जेवणातला नफा १५ डॉलर असतच नाही. दुकानाला थेट फोन करा, स्वतः जाऊन घेऊन या. हा एक बदल केला तरी बरंच काम झालं.

कार्डावर दुकानाचे साधारण तीन टक्के जातात आणि शिवाय प्रत्येक व्यवहाराला काही सेंट ठरलेले. मोठ्या बिलाला ते चालून जातं. चार डॉलरच्या कॉफीवर मात्र ही कपात सहा-सात टक्क्यांपर्यंत जाते. लहान खरेदीला नोट द्या.

घासाघीस करू नका. कॉस्टकोतला भाव सांगू नका. दोन डझन बाटल्या घेणाऱ्याला दोन ट्रक घेणाऱ्याचा दर मिळत नाही. अर्ध्या किमतीची कूपनं विकणाऱ्या साइटवरून तर मुळीच घेऊ नका, कारण उरलेल्या अर्ध्या किमतीतलाही मोठा वाटा त्या साइटला जातो. २०२५ च्या आयात शुल्कानंतर भाव वाढलेले दिसतील. घानाचं शिया बटर, चीनमधून येणारे केस आणि बाटल्या, इथिओपियाची कॉफी, सगळ्यांवर २०२५ मध्ये त्याचा भार पडला. २९ ऑगस्ट २०२५ ला ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी गेली, तेव्हा भारतातून येणारी टपाल पार्सलंही थांबली होती. दिवाळीच्या फराळाची वाट पाहणाऱ्या घरांना ते आठवत असेल. छोटे आयातदार याच करमाफीवर माल मागवत होते.

गिफ्ट कार्ड चांगलं, पण वेळ साधा. जानेवारी-फेब्रुवारीत गल्ला रिकामा असतो, तेव्हा विकत घ्या. वापरा मात्र मे-जूनमध्ये किंवा दिवाळी-नाताळात, जेव्हा बाकीची रोकड येत असते. फेब्रुवारीत घेऊन फेब्रुवारीतच वापरलं तर माल गेला आणि पुढच्या महिन्याला काही उरलं नाही. केंद्रीय कायद्याप्रमाणे गिफ्ट कार्ड पाच वर्षं बाद होत नाही, त्यामुळे घाई नको. एका दुकानात १०० डॉलरपेक्षा जास्त अडकवू नका. दुकान दिवाळखोरीत निघालं तर गिफ्ट कार्डवाले रांगेत फार मागे उभे असतात.

काही बिघडलं तर आधी दुकानाला फोन करा, कार्ड कंपनीला नको. चांगलं झालं असेल तर परीक्षण लिहा, आणि त्यात काय घेतलं, किती वाजता गेलात, गाडी कुठे लावली, शाकाहारी काय मिळतं हे लिहा. ‘अमेझिंग सर्व्हिस’ या दोन शब्दांनी नव्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही.

दुकानासमोर रस्ता खणला असेल तेव्हा जाणं सगळ्यात मोलाचं. वॉशिंग्टनच्या यू स्ट्रीटवरचं ‘बेन्स चिली बोल’ १९५८ साली व्हर्जिनिया अली आणि बेन अली या दांपत्याने सुरू केलं. बेन अली त्रिनिदादचे, भारतीय वंशाचे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर १९६८ मध्ये शहर पेटलं, त्यातून ते दुकान टिकलं. पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मेट्रोसाठी समोरचा रस्ता खणला गेला. आजूबाजूची दुकानं उठली, इथे नोकर एकावर आला, तरी ते उघडंच राहिलं.

मंडळाचा कार्यक्रम: सगळ्यात मोठी ऑर्डर तुमच्या हातात

एक कुटुंब महिन्याला ४० डॉलर हलवतं. मराठी मंडळ एका गणेशोत्सवात काही हजार डॉलर खर्च करतं. साउंड, फोटो, खुर्च्या-टेबलक्लॉथ, छपाई, सुरक्षारक्षक, बस, स्वयंसेवकांचं जेवण. हे वर्षानुवर्षं ठरलेल्या दोन-तीन माणसांकडे जातं, केवळ कोणी दुसरीकडे विचारलेलं नसतं म्हणून. ऑगस्ट हा राष्ट्रीय ब्लॅक बिझनेस मंथ आहे आणि गणपतीची तयारी त्याच महिन्यात रंगात आलेली असते.

कार्यक्रमाच्या दहा आठवडे आधी सुरुवात करा. प्रत्येक कामासाठी तीन दरपत्रकं मागवा आणि त्यातलं किमान एक अशा दुकानाकडून घ्या ज्याला मंडळाने कधी विचारलेलं नाही. मागणी लेखी आणि नेमकी द्या: तारीख, किती तास, किती माणसं, लिफ्ट आहे का, सामान किती वाजता आत नेता येईल.

पहिली ठेच विम्याला लागते. शाळेचं सभागृह घेतलं की शाळा प्रत्येक विक्रेत्याकडून विम्याचं प्रमाणपत्र मागते, बहुधा दहा लाख डॉलरच्या जबाबदारीचं, आणि त्यात शाळेचं नाव जोडून. मोठ्या कंपनीकडे ते तयार असतं. एकट्या डीजेकडे नसतं, आणि कार्यक्रमाच्या चार दिवस आधी हे कळलं की त्याचं काम जातं. म्हणून शाळेची अट पहिल्या ईमेलमध्येच कळवा. एका दिवसाचा विमा साधारण शंभर-दोनशे डॉलरमध्ये मिळतो. मंडळाने तो खर्च उचलावा.

दुसरी ठेच खजिनदारापाशी. करारावर सही होताच ५० टक्के द्या, आठवडाभर आधी ४० टक्के, आणि उरलेले १० टक्के त्याच रात्री, सामान गाडीत चढायच्या आधी. शेवटचा चेक दोन्ही सह्यांनिशी आदल्या दिवशी लिहून पाकिटात ठेवा. ‘पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये मंजूर करून पाठवतो’ म्हणजे विक्रेत्यासाठी पाच आठवडे, आणि २७ दिवसांचा हिशेब वर आलाच आहे.

जेवणाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘आमच्याकडे शाकाहारी लागतं’ इथे येऊन बोलणी थांबतात. थांबायचं कारण नाही. इथिओपियन हॉटेल हा सगळ्यात सोपा मार्ग. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे बुधवार-शुक्रवार आणि मोठ्या उपासाचे दिवस मांस, दूध, अंडी, लोणी यांशिवाय जातात, त्यामुळे ‘त्सोम’ म्हणजे उपासाचं जेवण कायम तयार असतं. मिसिर वोट म्हणजे मसुराची तिखट डाळ, किक आलिचा म्हणजे हळदीची वाटाण्याच्या डाळीची सौम्य भाजी, गोमेन ही पालेभाजी, आणि शिरो हे हरभऱ्याच्या पिठाचं, थेट आपल्या पिठल्याच्या जातीचं. एरवी त्यात मसाला घातलेलं तूप पडतं. तुपाला हरकत नसेल तर तसं सांगा, चव खुलते. कांदा-लसूण मात्र सगळ्यात भरपूर असतो, म्हणून नैवेद्याच्या पंगतीला हे चालणार नाही. ते संध्याकाळच्या कार्यक्रमाला ठेवा.

शंभर माणसांना तीन पदार्थ असतील तर प्रत्येकाचे दोन मोठे ॲल्युमिनियम ट्रे, एकूण सहा. इंजेरा म्हणजे तिथली आंबवलेल्या पिठाची मऊ पोळी. माणशी दीड धरून १५० इंजेरा. ती कापून, गुंडाळ्या करून, ओल्या फडक्याखाली झाकून आणायला सांगा. उघडी राहिली की अर्ध्या तासात कडा वाळतात. अमेरिकेत इंजेरात टेफ या इथिओपियन धान्याबरोबर गव्हाचं किंवा बार्लीचं पीठ बऱ्याचदा मिसळतात. ग्लुटेन न चालणारं कोणी असेल तर आधी विचारून घ्या. निव्वळ टेफची इंजेरा बहुधा एक-दोन दिवस आधी सांगावी लागते आणि महाग पडते.

दक्षिणेकडच्या पारंपरिक कृष्णवर्णीय जेवणात भाज्या भरपूर, पण कोलार्ड या पालेभाजीत बहुधा धुरावलेलं टर्की किंवा डुकराचं हाड शिजलेलं असतं. चवळीतही तेच, आणि कॉर्नब्रेडमध्ये कधी डुकराची चरबी. ‘व्हेज आहे का?’ हा प्रश्न पुरत नाही. तीन प्रश्न वेगळे विचारा: मांस आहे का, मांसाचं पाणी आहे का, चरबी आहे का. रताळ्यावर मार्शमेलो असेल तर त्यात जिलेटिन असतं. तीन आठवडे आधी सांगितलं तर बहुतेक स्वयंपाकघरं पाला वेगळ्या भांड्यात बिनमांसाचा करून देतात. त्यांना पनीर टिक्का करायला लावू नका. जे ते रोज करतात तेच उत्तम होतं.

ठेवी ठेवायच्या तर

कृष्णवर्णीयांच्या बचतीला मोठा दगा १८७४ मध्ये बसला. गुलामीतून सुटलेल्यांसाठी १८६५ साली अमेरिकी संसदेच्या सनदेने निघालेली फ्रीडमन्स बँक बुडाली तेव्हा ६१,००० ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. आज एफडीआयसी या केंद्रीय संस्थेचा ठेवींवर विमा आहे, एका बँकेत एका ठेवीदाराला २,५०,००० डॉलरपर्यंत. त्यामुळे लहान बँकेत ठेवताना या मर्यादेत असाल तर भीती नको.

कृष्णवर्णीयांच्या काही बँका अशा: अटलांटाची सिटिझन्स ट्रस्ट १९२१ ची, न्यूयॉर्कची कार्व्हर १९४८ ची, न्यू ऑर्लिन्सची लिबर्टी १९७२ ची. वॉशिंग्टनची इंडस्ट्रियल बँक १९३४ ची. न्यूअर्कची सिटी नॅशनल बँक २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हा इंडस्ट्रियलनेच ती ताब्यात घेतली.

पगाराचं खातं लगेच हलवू नका. लहान बँकेचं ॲप आणि एटीएमचं जाळं तोकडं असू शकतं आणि वैतागून तुम्ही दोन महिन्यांत परत जाल. आधी एफडीआयसीच्या संकेतस्थळावर बँकेचं नाव तपासा. मग आपत्कालीन शिलकीतला काही भाग सहा किंवा बारा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाका. मुदत ठेव बँकेच्याही सोयीची, कारण तो पैसा कधी जाणार हे तिला माहीत असतं आणि त्याच्या जोरावर ती दुकानदाराला कर्ज देऊ शकते. व्याजदर आपल्या बँकेशी ताडून पाहा. अर्ध्या टक्क्याचा फरक पाच हजारांवर वर्षाला २५ डॉलर होतो.

कर्ज आणि गुंतवणूक

सुरुवातीला ‘किवा’ (Kiva) ही अनेकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन कर्ज देणारी साइट बरी. अमेरिकेतल्या धंद्यांना तिथे १५,००० डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळतं आणि तुम्ही २५ डॉलरपासून देऊ शकता. व्याज नाही आणि परतफेडीची हमीही नाही. अर्जदाराला पहिल्या १५ दिवसांत स्वतःच्या ओळखीतून काही देणारे जमवावे लागतात, तेव्हाच अर्ज सगळ्यांना दिसतो. ओळखीच्या दुकानाने अर्ज केला असेल तर त्या १५ दिवसांतले तुमचे २५ डॉलर नंतरच्या शंभरांपेक्षा जास्त कामाचे.

लोकांकडून छोट्या रकमा घेऊन भांडवल उभारणाऱ्या नोंदणीकृत साइटही आहेत. वार्षिक उत्पन्न किंवा निव्वळ मालमत्ता १,२४,००० डॉलरच्या आत असेल तर वर्षाला २,५०० डॉलर किंवा दोहोंपैकी मोठ्या आकड्याच्या ५ टक्के, यांतलं जे जास्त तेवढी मर्यादा. यात पैसे बुडू शकतात. गेले तर घर हलणार नाही एवढेच घाला. ऑनलाइन वर्गणीत धंद्याला दिलेले पैसे करसवलतीला पात्र नसतात. धंदा म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे.

दुकानदाराशी पुरेशी ओळख झाली असेल आणि तो बोलला, तर एका सापळ्याची माहिती तुमच्याकडे असावी. ‘मर्चंट कॅश ॲडव्हान्स’ नावाने मिळणारा पैसा दोन दिवसांत हातात येतो. त्यात व्याजदर सांगत नाहीत, गुणक सांगतात. २०,००० डॉलरला १.३५ गुणक म्हणजे २७,००० परत द्यायचे. सहा महिन्यांत, कामाच्या साधारण १३० दिवसांत, रोज सुमारे २०८ डॉलर खात्यातून आपोआप जातात, त्या दिवशी विक्री झाली असो वा नसो. मंदीत हा हप्ता भागवायला दुसरा ॲडव्हान्स घेतला जातो आणि दुकान तिथे संपतं. फुकट सल्ला हवा असेल तर १९६४ पासून चालणारी स्कोअर ही संस्था आहे. निवृत्त आणि अनुभवी व्यावसायिक तिथे विनामूल्य कागद बघून देतात.

कंपनीत अधिकार असेल तर

टीमचं जेवण, छपाई, प्रशिक्षण, भेटवस्तू यांची खरेदी तुमच्या सहीने होत असेल तर दोन गोष्टी पाहा. एक, बिल किती दिवसांनी फेडलं जातं. मोठ्या कंपन्या ६० ते ९० दिवस लावतात. छोट्या पुरवठादारासाठी कंपनीच्या कार्डावर त्याच दिवशी देता येईल का, हे खरेदी विभागाला विचारा. तीन टक्के कार्डात गेले तरी ९० दिवस थांबण्यापेक्षा ते परवडतात. दोन, नोंदणीचे कागद. डब्ल्यू-९ हा कराचा फॉर्म आणि पुरवठादार फॉर्म काम ठरल्या दिवशीच पाठवा, बिल आल्यावर नको, नाहीतर बिलाचे दिवस फॉर्म मंजूर झाल्यापासून मोजले जातात.

‘आम्ही फक्त कृष्णवर्णीय पुरवठादार घेऊ’ असं लेखी धोरण मात्र करू नका. १८६६ च्या नागरी हक्क कायद्यानुसार करारात वंशावरून भेद करता येत नाही. गुलामीतून सुटलेल्यांच्या रक्षणासाठी केलेला हाच कायदा अटलांटाच्या फिअरलेस फंडाविरुद्ध वापरला गेला. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या धंद्यांना २०,००० डॉलरचं अनुदान देणारी त्यांची योजना सप्टेंबर २०२४ मध्ये तडजोडीत बंद झाली. ही गोष्ट फार टोचणारी आहे, पण कंपनीला खटल्यात ओढून दुकानदाराचा फायदा होत नाही. दरपत्रकं मागवायची यादी मोठी करा, नव्या नावांना विचारा, निवड कामावर करा. घरगुती गिऱ्हाईक म्हणून कुठे जेवायचं, कुठे केस कापायचे हे ठरवायला कोणाचीही आडकाठी नाही.

एच-वन-बी आणि एच-फोरवाल्यांसाठी

‘मी फुकटात वेबसाइट करून देते’, ‘शनिवारी काउंटरवर उभा राहतो’ हे मनापासून असलं तरी करू नका. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात बिनपगारी स्वयंसेवक ठेवणं कामगार कायद्याला मान्य नाही आणि तुमच्या बाजूने ते विनापरवाना काम ठरू शकतं. दुकानदार आणि तुम्ही, दोघेही अडचणीत याल. खरेदी करणं, परीक्षण लिहिणं, ठेव ठेवणं, किवावर पैसे देणं यात अडचण नाही. कौशल्य द्यायचंच असेल तर नोंदणीकृत ना-नफा संस्थेतून, जिथे स्वयंसेवक नेहमीच असतात तशा कामात द्या. दुकानात भागीदारी घ्यायचा विचार असेल तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला कराराचा मसुदा दाखवा, विशेषतः त्यात तुमच्याकडे रोजचं कोणतं काम लिहिलं आहे तो परिच्छेद.